जेलरबाईंची शिंक

जेलरबाईंनी आयुष्यात कुणाला कोंडलं नव्हतं. मांजर स्वयंपाकघरात अडकलं तरी त्या हातातलं काम टाकून आधी खिडकी उघडत. तरीसुद्धा गल्लीतल्या निम्म्या लोकांची पक्की समजूत होती की ही बाई तुरुंगात असते, आणि ह्या समजुतीला जबाबदार होत्या त्यांच्या सासूबाई. कुणी विचारलं, "सूनबाई दिसत नाहीत?" की म्हातारी बिनदिक्कत सांगायची, "जेलमध्ये आहे. एकोणीस वर्षं झाली." विचारणारा विषय बदलायचा. एक-दोघी तर सांत्वन करून गेल्या. खरं काय ते सासूबाईंना चांगलं ठाऊक होतं, पण समोरच्याचा पडलेला चेहरा बघायची मजा त्यांना सोडवत नसे.

बाई एका संशोधन संस्थेत, तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत जेल बनवायच्या. दोन काचांच्या मधल्या फटीत पातळ द्रव ओतायचा, तो घट्ट होऊ द्यायचा, आणि काचा अलगद सोडवल्या की तळहाताएवढा, पारदर्शक, लिबलिबीत तुकडा हातात येतो. ते जेल. सुरुवातीला कुणीतरी थट्टेने त्यांना जेलर म्हटलं, पुढे त्याला मानाची बाई जोडली गेली, आणि खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं.

जेलवर काय चालतं ते बाई घरी आलेल्या पाहुण्यांना पाच मिनिटांत समजावून सांगत. स्नायूचा, पानाचा, कशाचाही कुटून रस काढला की त्यात शेकडो प्रथिनं मिसळलेली असतात, आणि एकेकाची तऱ्हा न्यारी. कुणी गुंडाळी करून बसलेलं, कुणी जोडीदाराला मिठी मारलेलं, कुणावर धन भार, कुणावर ऋण. अशा मंडळींना रांगेत उभं करायचं तर आधी त्यांची मिजास उतरवावी लागते. ते काम साबणाचं. त्याचं शास्त्रातलं नाव लांबलचक, डब्यावर नुसतं एसडीएस लिहितात, पण बाई त्याला साबणच म्हणत आणि त्यांचं ऐकून अख्खा मजला साबण म्हणायला लागला होता. रसात साबण घालून नळी पाच मिनिटं उकळत्या पाण्यात धरली की गुंडाळ्या सुटतात, मिठ्या सुटतात, साबण प्रथिनांना नखशिखांत चिकटतो आणि आपला ऋण भार त्यांच्यावर चढवतो. मग सगळे एकाच माळेचे मणी. वीज सोडली की झाडून सगळे धन टोकाकडे पळत सुटतात. जेलच्या जाळीतून लहान प्रथिन पुढे सटकतं, मोठं मागे रखडतं. दीड तासाने वीज बंद करायची, जेल निळ्या रंगात बुडवायचं, जादा रंग धुऊन काढायचा. जिथे जिथे प्रथिन थांबलं, तिथे तिथे निळी रेघ.

संस्थेत आल्या तेव्हा बाई भांडी धुणाऱ्या होत्या. बारावीपर्यंत शास्त्र शाखा, मग लग्न, मग दहा-बारा वर्षं घर, आणि मग हे काम: काचेच्या नळ्या, पेले, पट्ट्या घासायच्या, वाळवायच्या, जागेवर ठेवायच्या. प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणजे मोठे सर. माणूस तिरसट, अक्षर कोंबडीचे पाय. एके दिवशी त्यांनी बाईंनी धुतलेली काच उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा धरली.

"ह्यावर बोटाचा ठसासुद्धा नाही. उद्यापासून तुम्ही जेल ओता."

"मला येत नाही, सर."

"मला तरी कुठे येतं? माझं नेहमी गळतं."

बाईंचंही गळलं. पहिला महिनाभर रोज गळलं. कधी जेल फाटलं, कधी वाकडं चाललं, एकदा विजेच्या तारा उलट्या लावल्या आणि सगळी प्रथिनं वरच्या वर निघून गेली. सरांनी एकदाही आवाज चढवला नाही, पण बाईंनीच स्वतःला शब्दांनी सोलून काढलं. त्या हात धुऊन जेलच्या मागे लागल्या. सहा महिन्यांनी त्यांच्या जेलवरच्या रेघा पट्टीने आखल्यासारख्या सरळ यायला लागल्या, आणि सर दुसऱ्या कुणाला जेलला हात लावू देईनासे झाले.

त्या दिवसांतलीच एक गोष्ट. साबणाचा डबा इतर दहा पांढऱ्या डब्यांसारखाच दिसायचा. बाईंची एकदा गफलत झाली, तेव्हा सरांनी खिशातून पेन काढलं, कागदाच्या चिटोऱ्यावर आपल्या अगम्य अक्षरात 'साबण' असं लिहिलं आणि डब्यावर चिकटवलं. शास्त्रीय नाव सोडून बाईंचा शब्द लिहिला. बाईंना त्याचं फार अप्रूप वाटलं, पण त्या तसं कधी बोलल्या नाहीत.

साबण मात्र त्यांच्या नाकावर उठला होता. ती भुकटी इतकी हलकी की झाकण उघडायचा अवकाश, हवेत तरंगायची. बाई तोंडाला फडकं बांधत, श्वास धरत, खिडकी बंद करत, पण तोलताना तीन शिंका ठरलेल्या. शिंकाही साध्यासुध्या नव्हेत, जिन्यापर्यंत ऐकू जाणाऱ्या. पलीकडच्या खोलीतून कुणीतरी ओरडायचं, "तीन झाल्या! आज जेल आहे!" घरी आल्यावर नाक चोंदायचं, मग डॉक्टरांनी दिलेली गोळी. बाई गोळी घ्यायला विसरतात म्हणून पाकीट सासूबाईंच्या ताब्यात असे.

आणि मग सरांच्या दोन रेघा. स्नायूत एक प्रथिन असतं, ते एकच आहे असं सगळे मानत. सर म्हणत, एक नाही, दोन आहेत, सख्ख्या बहिणींसारखी, जवळजवळ एकाच मापाची. बाईंच्या जेलवर त्या दोघी वेगळ्या दिसायच्या. एक रेघ वर, एक खाली, मध्ये जेमतेम तांदळाच्या दाण्याच्या जाडीची फट. सर त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचे. त्यावर त्यांचा मोठा निबंध छापून आला, आणि त्याच्या शेवटच्या पानावर, शेवटून तिसऱ्या ओळीत, बाईंचे आभार मानलेले होते, नावानिशी. तो कागद सासूबाईंच्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत होता. म्हातारीला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण शेवटून तिसरी ओळ कुठली ते ती बोट ठेवून दाखवायची.

दोन वर्षांपूर्वी सर गेले. त्यांच्या जागी नव्या मॅडम आल्या. वयाने बाईंपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, बोलायला मोजक्या, कामाला चोख. दोघींचं कधी वाजलं नाही. त्यामुळे एका सोमवारी सकाळी मॅडमनी त्यांना खोलीत बोलावून "बाई, बसा" म्हटलं, तेव्हाच काहीतरी बिनसल्याचं बाईंनी ओळखलं. ह्या प्रयोगशाळेत कुणी कुणाला बसा म्हणत नसे.

"दुसऱ्या एका प्रयोगशाळेने सरांचा प्रयोग करून पाहिला," मॅडम म्हणाल्या. "त्यांना एकच रेघ मिळते. म्हणून गेल्या महिन्यात मी तुमच्याकडून ते नमुने पुन्हा चालवून घेतले."

"हो. तीन वेळा."

"तिन्ही वेळा एकच रेघ आली."

ती एक रेघ बाईंनी पाहिली होती आणि तेव्हापासून त्यांना धड झोप नव्हती.

"नमुना बर्फावर न ठेवता बाहेर राहिला तर प्रथिन कुरतडलं जातं," मॅडम पुढे म्हणाल्या. "मग एकाच्या दोन रेघा दिसतात. सरांच्या वेळी तसंच झालं असणार. शुक्रवारी मी नियतकालिकाला पत्र पाठवतेय. निबंध मागे घ्यावा लागेल."

पत्राचा मसुदा टेबलावर होता. बाईंनी तो वाचला. 'तंत्रज्ञाच्या पातळीवर नमुन्यांच्या हाताळणीत झालेल्या हलगर्जीपणामुळे' असं एक वाक्य त्यात होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"तंत्रज्ञ म्हणजे मी."

"तुमचं नाव घातलेलं नाही, बाई."

"नाव निबंधात आहे. आणि एकोणीस वर्षं इथे जेल ओतणारं दुसरं कोण होतं?" बाईंनी मसुदा टेबलावर ठेवला. "मॅडम, मी नमुना बर्फाबाहेर ठेवला असेन एकदा, दोनदा. रोज कशी ठेवीन? एकोणीस वर्षं?"

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्हीच सांगा, कुठे माशी शिंकली? हात तुमचेच, नमुने तेच. काही बदललं का मध्ये?"

"काही म्हणजे काही बदललेलं नाही. मी छातीठोकपणे सांगते."

"सिद्ध करा."

"शुक्रवारपर्यंत वेळ द्या."

"चार वाजता पत्र जाईल," मॅडम म्हणाल्या.

बाई बाहेर आल्या आणि त्यांनी जुन्या वह्या काढल्या. प्रत्येक वहीत वाळवून चिकटवलेली जेलं होती, पापुद्र्यासारखी पातळ, आणि प्रत्येकावर दोन निळ्या रेघा. थोरली, धाकटी. आपल्याला भास झालेला नाही एवढी खात्री त्यांना हवी होती, ती मिळाली. मग त्यांनी पदर खोचला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा सरांचा नियम. मंगळवारी सकाळी पाणी बदललं. दुपारी जेल नेहमीपेक्षा घट्ट केलं. बुधवारी वीज कमी करून दुप्पट वेळ चालवलं, मग नमुना अर्धा करून पाहिला, मग काचासुद्धा जुन्या, सरांच्या वेळच्या काढल्या. दोन दिवसांत पाच जेलं. पाचही जेलांवर एकच रेघ, जाडजूड आणि सुस्त, जणू धाकटी थोरलीच्या कुशीत शिरून बसली होती आणि बाहेर यायला तयार नव्हती.

मॅडम दारातून डोकावून जात. काही बोलत नसत, आणि त्या काही बोलत नाहीत ह्याचाच बाईंना जास्त राग येत होता. खरं तर राग स्वतःचा होता. बुधवारी संध्याकाळी हातमोजे काढताना त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं की मॅडमचं बरोबर असेल तर? सर तर गेले. पण ज्या माणसाने आपल्यावर विश्वास टाकला, त्याच्या आयुष्यभराच्या कामाला आपल्या हातांनी काळं फासलं असेल तर? हा विचार त्यांना बसमध्येही सोडेना, घराच्या पायऱ्यांवरही सोडेना.

त्यांचा नवरा बस आगारात यंत्रकामगार, त्याची त्या आठवड्यात दुपारपाळी. म्हणून जेवायला सासू-सून दोघीच.

"कपाळाला एवढ्या आठ्या का?" सासूबाईंनी विचारलं. "कुणी कैदी पळाला की काय?"

"पळाला, आई. धाकटी रेघ पळाली."

"सापडेल. जाऊन जाऊन जाणार कुठे? आज साबण तोललास ना? गोळी देते थांब."

"नको. नाक ठीक आहे."

"ठीकच असतं हल्ली," म्हातारी पाकीट हातात घेऊन म्हणाली. "हे बघ. डोळे तपासायला गेले होते तेव्हा येताना आणलं. सहा महिने झाले. दहातली नऊ जशीच्या तशी. नाहीतर महिन्याला एक पाकीट पुरत नव्हतं तुला. मी म्हटलं, चला, पन्नाशीनंतर का होईना, सून सुधारली."

बाईंचा घास हातातच राहिला.

सहा महिने. सहा महिन्यांपूर्वी साबण संपला होता आणि नवा आला होता. जुना मिळत नाही म्हणून दुसऱ्या कंपनीचा, चकचकीत पिशवीतून, 'अतिशुद्ध' असं मोठ्या अक्षरांत छापलेला. भुकटी नव्हतीच ती, मोहरीसारखे टणक दाणे होते, उडत नव्हते. किती बरं वाटलं होतं तेव्हा! पिशवी नीट बंद होत नव्हती, म्हणून बाईंनी सरांचा जुना डबा धुतला, पुसला, उन्हात वाळवला आणि नवे दाणे त्यात ओतले. डब्यावरची सरांच्या हातची चिठ्ठी काढायचा जीव झाला नाही. धुतानाही तिच्यावर पाणी पडू नये म्हणून जपलं. आणि साबण बदलल्याची नोंद वहीत करायची राहून गेली, कारण रोज तोच डबा हातात येत होता आणि त्यावर तेच 'साबण' लिहिलेलं होतं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! एकोणीस वर्षं वहीत पाण्याचा थेंबसुद्धा लिहून ठेवणारी बाई, आणि नेमकी इथे चुकली.

"आई," त्या म्हणाल्या, "मॅडम विचारत होत्या कुठे माशी शिंकली. माशी शिंकली नाही हो. मी शिंकले नाही. सहा महिने मी शिंकलेच नाही!"

सासूबाईंना सगळं समजावून सांगायला पाच मिनिटं लागली. म्हातारी कान टवकारून ऐकत होती.

"मग आता आधी दोन रेघा काढून दाखव, मग चूक सांग," ती म्हणाली. "रिकाम्या हाताने कबुली देशील तर तुझीच मान कापतील."

"मी मॅडमना छातीठोकपणे सांगितलंय, काही बदललं नाही म्हणून. ते खोटं निघालं. आधी ते निस्तरते."

"हट्टी आहेस," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पाकीट पुन्हा डब्यात ठेवलं.

गुरुवारी सकाळी मॅडमच्या आधी बाई त्यांच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं.

"पण बाई, नवा साबण जास्त शुद्ध आहे. चांगल्या साबणाने काम बिघडेल कसं?"

"ते मला कळत नाही. मला एवढंच कळतं की डबा तोच होता आणि साबण दुसरा होता, आणि मी तुम्हाला उलट सांगितलं."

मॅडमनी खरेदीची जुनी फाईल मागवली. जुना साबण स्वस्तातला, शंभरात सत्तर भाग खरा, उरलेल्या तीस भागांत त्याचेच चुलत-मावस भाऊ, त्याच जातीचे पण जरा लांब शेपटीचे साबण. मॅडम त्या कागदाकडे बघत राहिल्या. "लांब शेपटीचा साबण दोघींपैकी एकीला जास्त चिकटत असेल," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "तर ती मागे रेंगाळेल. मग फट पडेल." त्यांनी मान वर केली. "असेल. नसेलही. आणायचा कुठून जुना साबण? कंपनीनेच बंद केलाय."

"किती लागेल? दोन जेलांना तीन ग्रॅम पुरेल. चहाचा चमचाभर."

"तो चमचाभर आहे का?"

"शोधते," बाई म्हणाल्या.

दुपारपर्यंत त्यांनी तिसरा मजला पालथा घातला. कपाटं, खण, शीतकपाटाचा तळ, सरांच्या खोलीतली खोकी. जुनी बाटली सापडली ती रिकामी. दुसऱ्या मजल्यावरचे लोक वेगळा साबण वापरत. पायऱ्यांवर बसून पाणी पिताना बाईंना तळमजल्यावरचे स्टोअरवाले काका आठवले, आणि त्या अर्धा पेला तसाच ठेवून उठल्या.

काका संस्थेच्या सामानखोलीचे राजे. कुणी दारात दिसलं की काय हवं ते ऐकण्याआधीच "नाही" म्हणायचे.

"नाही," काका म्हणाले.

"काका, दोन वर्षांपूर्वी तुम्ही माझ्याकडून साबण नेला होतात."

"मी? मी आंघोळ घरी करतो."

"छोट्या बरणीत नेलात. तेलकट नळ्या धुवायला."

"असेल. संपला."

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. मोडकी खुर्ची, तुटक्या दांड्यांचे पंखे, बुचं नसलेल्या बाटल्या, बाटल्या नसलेली बुचं. "काका, खरं सांगा. तुमच्याकडे आजपर्यंत एक तरी वस्तू संपली आहे का?"

हा घाव वर्मी बसला. काकांना साठवणीचा अभिमान होता. ते पुटपुटत स्टुलावर चढले, वरच्या फळीवरची तीन खोकी सरकवली, चौथ्यात हात घातला आणि धुळीने माखलेली एक बरणी काढली. तळाशी दोन बोटं पांढरी भुकटी होती, थोडी गठ्ठा झालेली.

"सगळा नाही देणार. माझ्या नळ्या कशाने धुऊ?"

"नवा देते हो. अतिशुद्ध. झाकण तर उघडा."

झाकण चिकटलं होतं. काकांनी जोर लावला, ते फटकन निघालं, आणि भुकटीचा हलका ढग बाईंच्या तोंडावर आला. बाई शिंकल्या. पुन्हा शिंकल्या. तिसरी शिंक इतकी मोठी होती की काकांनी स्टूल घट्ट धरलं.

"औषधबिषध घेता की नाही?"

बाई हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, शिंकांचं की कशाचं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी बरणी छातीशी धरली आणि लिफ्टची वाट न बघता तिसरा मजला चढल्या.

शुक्रवारी सकाळी आठला त्या कामावर. मॅडम त्यांच्या आधी आलेल्या होत्या. त्यांनी एक अट घातली. नमुन्यांच्या चार नळ्या त्या स्वतः भरणार, वर फक्त आकडे लिहिणार. काहींत पायाच्या स्नायूचा रस, त्यात सरांच्या म्हणण्याप्रमाणे दोघी बहिणी. काहींत हृदयाचा, त्यात एकटी थोरली. कुठल्या आकड्याखाली काय ते कागदावर लिहून लिफाफ्यात. तेच चार नमुने दोन जेलांवर, एक नव्या साबणाचं, एक जुन्या.

"तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही," मॅडम म्हणाल्या. "उद्या कुणी विचारलं तर उत्तर असावं म्हणून."

"मीही हेच सांगणार होते," बाई म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

वजनकाट्यावर जुना साबण घेताना तीन शिंका आल्या. पलीकडच्या खोलीतून सहा महिन्यांनी आरोळी आली, "तीन झाल्या! जेल आहे वाटतं!" बाईंनी गठ्ठा झालेला साबण कोमट पाण्यात हळूहळू विरघळवला, फेस होऊ नये म्हणून बाटली न हलवता नुसती कलती-पालती केली. दोन्ही जेलं ओतली. एकही गळलं नाही. नळ्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, घड्याळ लावून. मग एकेक थेंब एकेका खाचेत. बाईंनी कोपर टेबलावर टेकवलं, श्वास सोडला आणि सगळ्या खाचा भरल्या. वीज सुरू झाली. नमुन्यात मिसळलेल्या रंगाची निळी कड जेलमधून खाली सरकू लागली.

दीड तास बाई तिथून हलल्या नाहीत. मॅडमनी जेवायला बोलावलं, गेल्या नाहीत. दोन वाजता जेलं रंगात, तीनला धुवायला. रंग लवकर उतरावा म्हणून द्रव कोमट केला, बदलला, पुन्हा बदलला. साडेतीनला मॅडम येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात पत्राचा मसुदा होता. बाईंनी आधी नव्या साबणाचं जेल उजेडाच्या पेटीवर पसरलं. चार नमुने, चार जाड रेघा, सगळ्या सारख्या. मग दुसरं जेल दोन्ही तळहातांवर उचललं आणि शेजारी ठेवलं.

बाईंनी वाकून पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"एक आणि तीन पायाचे," त्या म्हणाल्या. "थोरली आणि धाकटी. दोन आणि चार हृदयाचे. एकटी थोरली."

मॅडमनी लिफाफा फोडला. कागद वाचला, जेलकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला आणि जवळचं स्टूल ओढून त्या बसल्या.

"नमुना तोच," त्या म्हणाल्या. "हात तेच. सर बरोबर होते." मग कागदाची घडी घालत म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा."

त्यांनी मसुद्यावरचं हलगर्जीपणाचं वाक्य खोडायला पेन उघडलं.

"सगळं खोडू नका, मॅडम. बदला. साबण बदलला आणि त्याची नोंद केली नाही, ही तंत्रज्ञाची चूक आहे. ती लिहा. त्या दुसऱ्या प्रयोगशाळेचंही तेच झालं असेल, त्यांनाही कळू दे."

"बरं. तंत्रज्ञ एवढंच लिहिते."

"नाव लिहा. सरांनी चांगल्या कामाला माझं नाव घातलं होतं. चुकीच्या वेळी मी नाव लपवलं तर त्या नावाची किंमत काय राहिली?"

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पूर्ण नाव विचारून घेतलं. चार वाजता पत्र गेलं, पण दुसरंच पत्र. निबंध मागे घेतला जाणार नव्हता, त्याला साबणाची टीप जोडली जाणार होती, आणि त्या टिपेत बाईंचं नाव होतं. मजल्यावरच्या निम्म्या लोकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की जेलरबाईंना नाव आहे.

निघण्याआधी बाईंनी सरांच्या डब्यावरची चिठ्ठी ओल्या फडक्याने भिजवली. तिला बराच वेळ लागला. ती न फाटता निघाली तेव्हा त्यांनी तिला काकांच्या बरणीवर चिकटवलं, आणि रिकाम्या झालेल्या जागी स्वतःच्या अक्षरात नव्या साबणाचं नाव, कंपनी आणि तारीख लिहिली. मग वहीत दोन्ही जेलांच्या खाली दोन ओळी लिहिल्या. नवा साबण, शिंक नाही. जुना साबण, शिंका तीन.

घरी सासूबाई दाराशीच खुर्ची टाकून बसल्या होत्या. सुनेला येताना पाहून त्यांनी काहीच विचारलं नाही, विचारायचा धीर होत नव्हता म्हणून. बाईंनी चपला काढल्या, लाल झालेलं नाक पदराने पुसलं आणि हात पुढे केला.

"आई, गोळी द्या."